हत्तीच्या पोटात उभं राहून

कशेळीच्या सड्यावर हत्तीच्या पोटात उभं राहिलं की हत्ती दिसत नाही. दिसतो तो काळपट जांभा, त्यात कोरलेले उथळ चर, चरांत साठलेली माती आणि त्या मातीत धरलेलं गवत. एक चर वळत वळत जातो, दुसरा त्याला येऊन मिळतो, तिसरा कुठे विरला ते कळतही नाही. आकार सुमारे १८ मीटर बाय १३ मीटर. म्हणजे कोकणातलं एखादं चांगलं ऐसपैस घर, पडवी-ओटीसकट, त्याच्या पोटात मावावं. ड्रोन वर चढतो, पडद्यावर सडा लहान होत जातो, आणि मग पाठ, पाय, सोंड असं एकेक जागेवर येतं. त्याच हत्तीच्या अंगात पुन्हा सत्तर-ऐंशी आकृत्या कोरलेल्या आहेत. मासे आहेत, वाघ आहे, माकड आहे. भारतात आजवर सापडलेल्या अशा कोरीव आकृत्यांत हा हत्ती सर्वांत मोठा मानला जातो.

ज्यांनी तो कोरला त्यांच्याकडे ड्रोन नव्हता. जवळपास चढून बघावं असा डोंगरही नाही. अख्खा हत्ती त्यांनी एका नजरेत कधी पाहिलाच नसेल, आणि तरी तो चुकलेला नाही. ही एवढी एक गोष्ट कुणाला सांगितली की समोरचा माणूस लगेच तर्क लढवायला लागतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कातळशिल्पांच्या शोधात चालणं जितकं झालं आहे, तितकाच तर्कही लढवला गेला आहे. दोन्ही एकाच गोष्टीचे भाग आहेत, म्हणून दोन्ही सांगायला हवेत.

आधी सडा. ज्यांनी कोकण फक्त नारळी-पोफळी आणि समुद्र असंच पाहिलं आहे, त्यांना सडा माहीत नसतो. घाटी चढून गावाच्या डोक्यावर गेलं की एकदम सपाटी लागते. मैलभर उघडा जांभा, झाड जवळजवळ नाही, सावली नाही. एप्रिलात त्यावरून अनवाणी चालणं म्हणजे प्रायश्चित्तच. पावसाळ्यात मात्र याच दगडावर पाणी साचतं, हिरवळ उठते, श्रावणात सीतेच्या आसवांची निळीजांभळी चादर पसरते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेवढा पाऊस हजारो वर्षं या रेघांवर कोसळत आला आहे. दिवाळीनंतर गवत वाळतं, आणि मग सकाळी किंवा उतरत्या उन्हात, किरण तिरपे पडले तर, चरांच्या कडांना सावली धरते. दुपारी बारा वाजता त्याच जागेवरून चालत गेलात तर पायाखाली वाघ आहे हे कळणार नाही.

कळत होतं ते गुराख्यांना. गुरं सोडून दिवसभर सड्यावर बसणाऱ्या माणसाला करायचं काय असतं? तो दगड बघतो. पण गुराख्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय सांगायचं त्याला काही कारण नव्हतं. त्याच्या लेखी ती चित्रं होतीच, जशी विहीर होती, जसा देवाचा दगड होता.

नोंदी अगदीच नव्हत्या असं नाही. गोव्यात कुशावती नदीच्या काठावरची उसगाळीमळची कातळशिल्पं १९९३ मध्ये उजेडात आली. त्यांत बैल आहेत, हरणं आहेत आणि एक गोल गोल फिरत जाणारा चक्रव्यूहही आहे. सिंधुदुर्गात सतीश लळीत यांनी २००१ मध्ये मालवण तालुक्यातल्या हिवाळे गावची चित्रं समोर आणली. रत्नागिरीतही एखाद-दुसरं ठिकाण अभ्यासकांना ठाऊक होतं. पण ही सुटी टिंबं होती. ती जोडून काही आकृती होते, असं तोवर कुणाच्या मनात नव्हतं.

२०१२ च्या सुमारास सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी नेमाने शोध घ्यायला सुरुवात केली. रिसबूड पेशाने अभियंते आणि छंदाने पक्षिनिरीक्षक. पाखरं बघायला सड्यावर जाणाऱ्याची नजर खरं म्हणजे वर असायला हवी. ती खाली गेली. काही चित्रं आसपास दिसली होती, आणि एवढ्या पसरलेल्या सड्यावर ती तेवढीच कशी असतील, हा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यांच्यापाशी सरकारी खातं नव्हतं, उत्खननाची परवानगी नव्हती. दुचाक्या होत्या, रविवार होते आणि निसर्गयात्री ही संस्था होती.

सुरुवातीला फार काही हाती लागलं नाही. सडा मोठा आणि डोळे थोडे. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली: गुराख्यांना, देवळांतल्या गुरवांना, गावातल्या म्हाताऱ्यांना. आणि सर्वांत हुशारीचं काम म्हणजे शाळांना. पोरांना सांगितलं की घरी जा आणि आजी-आजोबांना विचारा, सड्यावर कुठे दगडात काही काढलेलं आहे का. या एका गृहपाठाने जे झालं ते कुठल्याही उपग्रहाच्या छायाचित्राने झालं नसतं. माहिती येऊ लागली, फोटो येऊ लागले. एका गावात एक चित्र सांगावं आणि तिथे गवत बाजूला करून झाडू मारला की शेजारी आणखी दहा निघावीत, असं होऊ लागलं. दगडात बुजलेला मासा झाडूखालून हळूहळू उगवतो, तेव्हा झाडू धरणाऱ्याच्या छातीत काय होत असेल याची कल्पना करता येते. आज रत्नागिरी जिल्ह्यातली ठिकाणं सत्तरीच्या पुढे गेली आहेत आणि आकृत्या दीड हजारांच्या वर. उक्षीला हत्ती मिळाला, बारसूला दोन वाघांच्या मधला माणूस, देवीहसोळला रेघांनी गुंतलेला एक मोठा चौकोन. शिवाय हरणं, गेंडे, कासवं, शेपटीवाले पाकट मासे, मोर. माणसंही आहेत. काही पुरी, काही फक्त कमरेखालची.

ही अर्धी माणसं माझ्या डोक्यातून जात नाहीत. दोन पाय बाहेरच्या बाजूला वळलेले, आणि वर काहीच नाही. कुणी म्हणतं ही लज्जागौरी या मातृदेवतेची आजी. कुणी म्हणतं वरचा भाग झिजून गेला. पण शेजारचा मासा शाबूत असताना माणसाचा नेमका वरचाच भाग झिजावा, आणि तोही एकापेक्षा जास्त ठिकाणी, हे मला पटत नाही. तिथे काही कोरलेलंच नसावं.

हे बघा, मीही तर्क लढवायला लागलो.

तर्क नवा नाही. शोध लागायच्या कितीतरी आधीपासून गावांकडे स्वतःचं उत्तर तयार होतं. कोकणात जे कुणी केलं ते ठाऊक नाही, ते पांडवांनी केलं. तेही एका रात्रीत, आणि कोंबडा आरवला म्हणून अर्धवट सोडून. सिंधुदुर्गातल्या कुडोपीचा सडा बाहुल्यांचं टेंब म्हणून ओळखला जातो, म्हणजे कुणीतरी कधीतरी त्या आकृत्यांना बाहुल्या ठरवून टाकलं. देवीहसोळचा चौकोन आर्यादुर्गेच्या देवळाच्या परिसरात आहे आणि लोकांच्या श्रद्धेशी जोडला गेलेला आहे. अभ्यासकाला या कथा कुचकामी वाटतील, कारण त्यातून काळ कळत नाही, कोरणारा कळत नाही. पण देवाचा म्हटलेला दगड कुणी फोडत नाही. चिरेखाणीची यंत्रं सड्यावर आली, कातळात सुरुंग लावून खड्डे पाडून त्यात माती भरून हापूसची कलमं लागली, रस्ते गेले. या सगळ्यात ज्या आकृत्यांमागे चुकीची का होईना पण एखादी गोष्ट होती, त्यांना राखण मिळाली. ज्यांच्यामागे गोष्ट नव्हती त्यांतल्या किती चिरे होऊन कुणाच्या कुंपणात बसल्या, याचा हिशेब लागणार नाही.

२०१८ मध्ये बीबीसीने या चित्रांची बातमी जगभर नेली आणि तर्कांचं दुसरं पर्व सुरू झालं. आता पांडवांच्या जागी परग्रहवासी आले. पेरू देशातल्या नाझकाच्या मैदानावरच्या प्रचंड रेघा वरूनच नीट दिसतात, म्हणून एरिक फॉन डॅनिकेन याने १९६८ मध्ये त्यांचा संबंध आकाशातून आलेल्या पाहुण्यांशी जोडला होता. तेच माप कशेळीच्या हत्तीला लावलं गेलं. वरून बघणारा कुणीतरी असल्याशिवाय एवढा मोठा हत्ती कशाला काढतील? मला हा प्रश्न गमतीचा वाटतो. आपल्याकडे अंगणभर रांगोळी काढणारी बाई काय माडीवर चढून काढते? ठिपके पावलांनी मोजले जातात. दोरी आणि खुंटी असली की मोठा वर्तुळाकार आखता येतो आणि हत्तीची पाठही आखता येते.

गंमत अशी की त्याच २०१८ च्या फेब्रुवारीत एका जपानी व्हिडिओ गेमची नवी आवृत्ती बाजारात आली, आणि तिच्यामागे असाच तर्काचा मोठा इतिहास होता. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ हा फुमितो उएदा यांचा गेम मुळात २००५ चा. त्यातला प्रदेश जवळपास निर्मनुष्य. माळ, कडे, पडकी देवळं, आणि त्यात ठिकठिकाणी असलेले १६ महाकाय प्राणी. खेळणाऱ्याने घोड्यावर बसून त्यांना शोधायचं. गोष्ट फारच थोडी सांगितलेली. १६ संपल्यावरही लोक थांबले नाहीत. एवढी मोकळी जमीन उगीच कशी ठेवली असेल, सतरावा कुठेतरी लपलेला असणारच, या खात्रीने कितीतरी खेळाडू वर्षानुवर्षं त्या रिकाम्या माळावर घोडे दौडवत राहिले. नकाशे केले, कड्यांवर चढले, पडक्या खांबांच्या रांगांतून दिशा काढल्या. काहींनी शेवटी गेमची तबकडी उघडून तिच्यातली माहितीच तपासली. सतरावा नव्हता. नव्या आवृत्तीच्या कर्त्यांनी मात्र या वेड्यांचा मान राखला. त्यांनी त्या प्रदेशात ७९ नाणी लपवली, आणि ती सगळी शोधणाऱ्याला एक तलवार दिली.

सड्यावर फिरणाऱ्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. तसाच रिकामा माळ, तसेच महाकाय प्राणी, आणि गोष्ट सांगणारं कुणी नाही. ‘डार्क सोल्स’ या दुसऱ्या प्रसिद्ध गेमचे कर्ते हिदेताका मियाझाकी यांनी सांगितलं आहे की लहानपणी ते इंग्रजी अद्भुतकथा वाचत, भाषा पुरती समजत नसे, मग न समजलेला भाग ते कल्पनेने भरून काढत. पुढे त्यांनी गेमही तसेच केले. गोष्ट तुकड्यांत ठेवायची आणि मधल्या जागा खेळणाऱ्याने भरायच्या.

पण मियाझाकींच्या गेममधल्या मोकळ्या जागा कुणीतरी जाणूनबुजून सोडलेल्या आहेत. सोडणारा जिवंत आहे, त्याला उत्तर ठाऊक आहे, आणि अगदीच नडलं तर तबकडी उघडून बघता येते. सड्यावरच्या मोकळ्या जागा पावसाने केल्या, काळाने केल्या, चिरेखाणीने केल्या. तिथे तर्काची परीक्षा एकच: हा तर्क तुम्हाला पुढे काय शोधायला लावतो? परग्रहवासी काहीच शोधायला लावत नाहीत. उत्तर मिळालं, आता घरी जा. गेंडा मात्र तुम्हाला गुजरातेत नेतो.

ते कसं? कोकणात आज गेंडा नाही. ज्ञात इतिहासात इथे गेंडा असल्याची आठवण नाही, नाव नाही, म्हण नाही. तरी कातळावर तो आहे, आणि ज्याने कोरला त्याला त्याचा आकार नीट ठाऊक होता. मग हे लोक गेंडा असलेल्या मुलुखातून इथे आले असतील. नाहीतर कधीकाळी गेंडा इथेच चरत असेल. दुसरी शक्यता ऐकायला वेडी वाटते, पण डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी गुजरातेत लांघणज येथे मध्याश्मयुगीन वस्ती खणली तेव्हा तिथे गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं होतं. आजच्या त्या कोरड्या मुलुखात. म्हणजे पश्चिम भारत पूर्वी आजच्यापेक्षा ओला होता आणि गेंडा आपल्या आजच्या कल्पनेपेक्षा बराच पश्चिमेला पोचलेला होता.

काही आकृत्यांत पाणघोडा आहे असंही म्हटलं जातं. तो खरोखर पाणघोडाच असेल तर गोष्ट फारच मागे जाते. पाणघोड्याचे जीवाश्म नर्मदेच्या आणि गोदावरीच्या खोऱ्यांत मिळाले आहेत, पण तो भारतातून हिमयुगाच्या अखेरच्या काळात नाहीसा झाला. मात्र नुसत्या बाह्यरेषेवरून पाणघोडा ठरवणं धोक्याचं. जाड अंगाचा, आखूड पायांचा प्राणी रानडुक्करही असू शकतो. या एका आकृतीवर मी काळाचा इमला उभारणार नाही.

राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे संचालक तेजस गर्गे यांनी आणखी एक मुद्दा मांडला. एवढ्या चित्रांत शेती कुठेही नाही. प्राणी आहेत, मासे आहेत, नांगर नाही, कणीस नाही. म्हणजे हे लोक शिकार आणि कंदमुळांवर जगणारे असावेत, आणि चित्रं इसवी सनापूर्वी दहा हजार वर्षांच्या आसपासची असू शकतात. मुद्दा वजनदार आहे, पण त्यात एक फट दिसते. कोकणातला माणूस शेकडो वर्षं भात लावतो आहे. त्याच्या देवघरात नांगराचं चित्र किती ठिकाणी सापडेल? माणूस रोज जे करतो तेच कोरतो असं नाही. कोरतो ते बहुधा ज्याची भीती वाटते किंवा ज्याची ओढ लागते.

काळ सिद्ध करायचा तर दगड बोलत नाही. गुहाचित्रांत रंग असतो, कधी त्यात कोळसा असतो, त्याचं वय काढता येतं. इथे रंग नाही, नुसती वजाबाकी आहे. दगडातून जे काढून टाकलं ते वाहून गेलं. वर मातीचे थर नाहीत, थरांत अवजारं नाहीत. म्हणून अभ्यासक आजूबाजूला वळले. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत उत्खनन झालं आणि तिथे अश्मयुगीन दगडी हत्यारं मिळाली. या मुलुखात तेव्हा माणूस राहत होता, एवढं त्यातून पक्कं होतं. गुहेत राहणारा हात आणि सड्यावर कोरणारा हात एकच होता का, हा दुवा अजून जुळायचा आहे.

देवाचे गोठणे इथलं प्रकरण वेगळंच. तिथे कातळावर एक माणसाची आकृती आहे, आणि तिच्याजवळ होकायंत्र ठेवलं की काटा भलतीच दिशा दाखवतो. आता यावर किती कथा रचल्या जातील ते सांगायला नको: ऊर्जाकेंद्र, प्राचीन विज्ञान, काय काय. जांभ्यात लोह भरपूर असतं, आणि वीज पडली की असा दगड जागच्या जागी चुंबकीय होतो हे जगात इतरत्र दिसलेलं आहे. उघड्या सड्यावर वीज पडायला वेळ लागत नाही. पण मग ती आकृती नेमकी तिथेच का? कोरणाऱ्याकडे होकायंत्र असण्याचा प्रश्नच नाही. त्याने वीज पडताना पाहिली असेल आणि म्हणून ती जागा निवडली असेल? हाही तर्कच, पण निदान असा की ज्याच्यामागे माणूस यंत्र घेऊन आजूबाजूचा सडा, जिथे काहीच कोरलेलं नाही तो, वितावितीने मोजत जाऊ शकतो.

बारसूच्या माणसाबद्दल वाद सर्वांत रंगतो. मध्ये तो उभा, दोन्ही बाजूंना दोन वाघ. मोहेंजोदडोच्या मुद्रांवर दोन वाघांना दोन्ही हातांनी आवरणारा माणूस आहे. इजिप्तमधल्या जबल अल अरक इथल्या हस्तिदंती मुठीच्या सुरीवर दोन सिंहांच्या मध्ये माणूस आहे. मग लगेच समुद्रमार्गाने आलेले व्यापारी, एकमेकांच्या कथा, सगळं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. असेलही. पण मला वाटतं, दोन हात असलेल्या आणि वाघाला भिणाऱ्या प्राण्याला हे चित्र कुणी शिकवावं लागत नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये याच बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती तपासायला यंत्रं आली आणि गावकरी, त्यात बायका पुढे, उन्हात सड्यावर आडवे झाले. आंदोलन जमिनीचं होतं, आंब्याचं होतं, समुद्राचं होतं. पण बातम्यांत वाघांमधला तो माणूसही आला, कारण आदल्याच वर्षी युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत बारसूचं नाव लागलं होतं. त्या यादीत नऊ ठिकाणं आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, उक्षी, जांभरूण, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी, आणि गोव्यातलं फणसायमाळ. उक्षीला हत्तीभोवती जांभ्याचीच गोल भिंत बांधून वरून बघायला सोय केलेली आहे. राज्य सरकारने अभ्यासासाठी २४ कोटी रुपये ठेवल्याचं २०१८ मध्येच जाहीर झालं होतं.

यादीत जिल्ह्यातली सात, आणि जिल्ह्यात एकूण सत्तरच्या वर. बाकीच्यांचं काय? सडे बहुतेक खाजगी मालकीचे. सातबारा काढला तर त्यावर आजोबांच्या नावाखाली पंधरा-वीस हिस्सेदार, निम्मे मुंबईला, दोन-तीन कुठे आहेत ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. चिरेखाणवाला रोख पैसे घेऊन दारात उभा असतो, पण त्याला सगळ्यांच्या सह्या हव्यात. त्या मिळत नाहीत, कारण धाकट्या काकाचं थोरल्याशी पटत नाही. पांडवांनंतर सड्यांची राखण कुणी केली असेल तर ती कोकणातल्या भाऊबंदकीने.